मोत्याची कैफियत

ज्या कुत्र्याच्या अंगी बोट ठेवायला जागा नाही, जो पाहुणा दिसताच शेपूट हालवतो, पोराबाळांना पाठीवर बसू देतो, पुढ्यातली पोळी काढून घेतली तरी क्षमाशील मुद्रेने पाहत राहतो आणि मालक बाहेर गेला असता त्याच्या पुनरागमनापर्यंत उंबऱ्याशी निमूट पडून असतो, अशा कुत्र्यास घर मिळवून देण्याचे काम परोपकारात जमा करावे असे मला वाटत नाही. तसल्या कुत्र्याचे छायाचित्र सकाळी कोणी प्रसिद्ध केले तर सायंकाळपर्यंत उमेदवारांची रीघ लागते, आणि प्राणिमित्रांना जी काही मेहनत पडते ती केवळ नकार देण्याची. कसोटी लागते ती दुसऱ्या वर्गाच्या बाबतीत. हा कुत्रा भुंकतो, पण चोरावर नव्हे. चावतो, पण सर्वांना नव्हे. प्रेमळही असतो, परंतु ते प्रेम प्रकट होईपर्यंत समोरच्याच्या विजारीचे काय होईल याचा जामीन कोणी राहत नाही. अशा कुत्र्यास योग्य घर शोधणे ही समाजशास्त्राची एक स्वतंत्र शाखा मानावी अशी माझी सूचना आहे. मात्र तीत अभ्यासाचा मुख्य विषय कुत्रा नसतो, अर्जदार असतो.

या शास्त्रात माझा प्रवेश झाला तो केवळ शुद्धलेखनाच्या बळावर. पुण्यात आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर एक ताई राहतात. रस्त्यात जखमी पडलेली किंवा हौस फिटल्यावर घराबाहेर काढलेली कुत्री उचलून आणावी, त्यांचे औषधपाणी करावे, नसबंदी आणि लसीकरण उरकावे, आणि मग त्यांना कोणाच्या तरी पदरात घालावे, हा त्यांचा गेल्या अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. मी अधूनमधून काही लिहितो ही वार्ता त्यांच्या कानावर गेली होती. सबब मोत्याची जाहिरात लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्याबरोबर मोत्याचे समग्र दप्तरही आले.

दप्तर वाचनीय होते. मोत्या तीन घरी राहून तिन्ही घरांतून परत आला होता. पहिल्या घरी त्याचे नाव टायगर, दुसऱ्या घरी ब्रूनो आणि तिसऱ्या घरी एका बिस्किटावरून ओरिओ असे ठेवण्यात आले, आणि या तिन्ही नावांना त्याने सारख्याच निश्चयाने ओ दिली नाही. ताईंनी त्याला मोत्या म्हटले. या नावालाही तो ओ देत नसे, पण निदान चारचौघांत हाक मारताना मारणाऱ्यास संकोच वाटत नसे. परत करणाऱ्याने कारण लेखी द्यावे असा ताईंचा नियम असल्यामुळे तीनही शेरे दप्तरी जमा होते. पहिला शेरा असा: 'कुत्रा चांगला आहे, परंतु सासऱ्यांना आवडत नाही.' तोंडी चौकशीअंती निष्पन्न झाले की सासऱ्यांनी मोत्याच्या पंजाखालून आपली चप्पल ओढून घेण्याचा प्रयत्न केला होता. दुसरा शेरा: 'अॅलर्जी निघाली.' कोणाला, हे नमूद नव्हते. दाराच्या चौकटीला असावी, कारण मोत्याने ती वीतभर खाल्ली होती. तिसरा शेरा: 'आमची बदली झाली.' "कोथरूडहून बाणेरला," असे ताईंनी शांतपणे सांगितले. प्रकृतीचे कारण पुढे करून राजीनामा देणाऱ्या मंत्र्याप्रमाणे कुत्रा परत करणारा मनुष्यही खरे कारण कागदावर येऊ देत नाही, आणि त्याचा परिणाम असा होतो की पुढच्या घरी कुत्रा जातो तो निष्कलंक चारित्र्याचा दाखला घेऊन, आणि परत येतो तो आणखी एक चौकट पचवून.

मी या कागदांतला सौजन्याचा भाग वगळला आणि मोत्यावरील आरोप एका स्वतंत्र कागदावर उतरवले. पहिला आरोप हेल्मेटचा. हेल्मेटसक्तीविरुद्ध पुण्यात आजवर जेवढी निवेदने निघाली असतील त्या सर्वांहून मोत्याचा विरोध अधिक तत्त्वनिष्ठ होता. शिरस्त्राण धारण केलेला मनुष्य त्याच्या लेखी मनुष्य नव्हताच. आता ज्या शहरात घटकेघटकेला कोणी ना कोणी शिरस्त्राणधारी इसम जेवणाचा डबा, डोकेदुखीच्या गोळ्या किंवा कोथिंबिरीची एक जुडी घेऊन दारात उभा राहतो, त्या शहरात असले तत्त्व बाळगून राहणे किती कठीण, हे सांगणे नको. दुसरा आरोप मालमत्तेविषयी. जी वस्तू मोत्याच्या दोन पंजांच्या मध्ये आली ती त्याच्या कायदेशीर कबजात आली, मग ते हाडूक असो, चप्पल असो की वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी असो. तिच्यावर अन्य कोणी हक्क सांगू लागला की तो आधी ताठ होई, मग डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दिसत, मग गुरगुरे. तिसरा आरोप असा की त्याला एकटेपणा सोसत नाही. घरातले शेवटचे माणूस बाहेर पडून कुलूप लागले की अर्ध्या तासाच्या आत तो आधी विव्हळू लागे, मग दार खरवडू लागे, आणि त्यानंतर चौकटीकडे वळे. चौथा आरोप, डोक्यावरून हात फिरवू देत नाही. पाचवा, लिफ्टमध्ये चढत नाही. सहावा, हातात काठी किंवा छत्री असलेल्या माणसाला पाहून दडून बसतो. म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात त्याला संपूर्ण पुणे शस्त्रसज्ज होऊन फिरताना दिसत असले पाहिजे.

आरोपपत्र तयार झाले, परंतु आरोपीची बाजू ऐकल्याविना निकाल देऊ नये हा न्यायाचा पहिला सिद्धांत आहे, आणि मोत्याचे वकीलपत्र ताईंच्या पशुवैद्यांनी घेतले. स्वभाव तपासण्यापूर्वी शरीर तपासावे असा त्या गृहस्थांचा दंडक. त्यांनी मोत्याचा उजवा कान उलटा करून पाहिला तेव्हा आत जुने दुखणे निघाले. डोक्यावरून प्रेमाने हात फिरवू पाहणाऱ्या प्रत्येकावर तो का गुरगुरतो, याचा अर्धा उलगडा तिथेच झाला. कानात थेंब घालायला सुरुवात केल्यावर काही दिवसांतच फिर्यादीतले एक कलम आपोआप गळाले. दातदुखी, सांधेदुखी, कानदुखी या कारणांनी चिडणारी माणसे प्रत्येक घरी असतात, आणि त्यांना कोणी परत करत नाही.

उरलेल्या कलमांची मुळे मात्र बालपणात होती. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत मेन प्रांतातल्या बार हार्बर येथे वर्षानुवर्षे पिलांचे निरीक्षण केले आणि १९६५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचे सार असे की जन्मानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या आयुष्यात निर्णायक असतो. या अवधीत जी माणसे, जे आवाज, ज्या वस्तू त्याच्या सवयीच्या होतात त्या पुढे त्याला निरुपद्रवी वाटतात, आणि ज्यांचा परिचय होत नाही, किंवा वाईट रीतीने होतो, त्यांच्याविषयी संशय राहतो तो राहतोच. मोत्या ताईंना सापडला तो एका अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या आवारात. पिवळी शिरस्त्राणे घालून हिंडणारे मुकादम आणि हातात दंडुका घेतलेला पहारेकरी, हे त्याचे पहिले मानवदर्शन. तेव्हा हेल्मेट आणि छत्री या दोन कलमांबाबत पशुवैद्यांनी मोत्यास संशयाचा फायदा दिला.

गुरगुरण्याविषयी त्यांनी जे सांगितले ते मात्र मला इतके पटले की ते प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावावे असे वाटते. गुरगुर ही नोटीस आहे. 'आपण माझ्या हद्दीत येत आहात, तरी कृपया मागे सरावे, अन्यथा पुढील कारवाई करणे भाग पडेल' एवढा मजकूर कुत्रा त्या एका आवाजात बजावतो, आणि बहुसंख्य कुत्र्यांना नोटिशीच्या पुढे जाण्याची मुळीच इच्छा नसते. परंतु आपण काय करतो? कुत्रा गुरगुरला की त्याच्या नाकावर फटका मारतो. दोनचार वेळा असे झाले की शहाणा कुत्रा नोटीस काढण्याचे बंद करतो. तक्रार मात्र कायम राहते, आणि मग एक दिवस कोणतीही पूर्वसूचना न देता थेट जप्ती येते. 'काही केले नव्हते, एकदम चावला' असे ज्या कुत्र्याबद्दल सांगतात, त्याच्या पूर्वायुष्यात असे फटके पुष्कळदा सापडतात. श्वानवर्तनाचे अभ्यासक डॉ. इयन डनबार यांनी चाव्यांचे सहा वर्ग पाडले आहेत: पहिल्यात दात अंगाला लागतच नाहीत, सहाव्यात प्राण जातो. मोत्याच्या खाती पहिल्या वर्गाच्या अनेक आणि दुसऱ्या वर्गाची एक नोंद होती, म्हणजे सासऱ्यांच्या मनगटास दात लागले, पण कातडी फुटली नाही. वरच्या वर्गातला कुत्रा असता तर मी जाहिरात लिहिली नसती, आणि ताईंनीही लिहू दिली नसती. दयेच्या भरात दुसऱ्याच्या घरी संकट पोहोचवणे याला भूतदया म्हणत नाहीत.

आपली परंपरा या बाबतीत फारशी उपयोगी पडत नाही, हेही नमूद केले पाहिजे. युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्गात जाण्यास नकार दिला, ही कथा प्रत्येक प्राणिमित्र सांगतो. कारण इंद्राच्या सोसायटीत कुत्र्यास मज्जाव होता, आणि पाळीव कुत्र्यांना सोसायट्यांनी बंदी घालू नये अशा मार्गदर्शक सूचना भारतीय पशुकल्याण मंडळाने काढल्या त्या २०१५ साली, म्हणजे देवाधिदेवांना कळवण्यास बराच उशीर झाला होता. पण तो कुत्रा वस्तुतः साक्षात धर्म होता. हिमालयाची चढण त्याने न भुंकता चढली, वाटेत कोणाच्या टाचेला तोंड लावले नाही. असल्या कुत्र्यासाठी स्वर्गावर पाणी सोडण्यात युधिष्ठिराचा मोठेपणा असेल, पण अडचण काही नव्हती. नामदेवांची कथा त्यापेक्षा मोत्याच्या जवळची. कुत्र्याने पोळी पळवली, आणि कोरडी खाऊन त्याला त्रास होऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. तोंडात पोळी असलेल्या कुत्र्यामागे धावणे हे आजच्या शास्त्राप्रमाणे सर्वस्वी निषिद्ध होय; मात्र वरचढ जिन्नस पुढे करून त्याचे मन वळवावे, हे तुपाच्या वाटीत गर्भित असलेले तत्त्व अगदी बिनचूक आहे. तो कुत्रा गुरगुरला की काय, याविषयी चरित्रकार मौन पाळतात.

कायद्याचे म्हणाल तर तोही दयाळू आहे, पण कोणावर ते नीट पाहावे लागते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० सालचा अधिनियम सांगतो की भुकेतहानेने हाल होण्याची पाळी येईल अशा रीतीने जनावर टाकून देणाऱ्यास पहिल्या गुन्ह्याबद्दल कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड करावा. त्या काळी दहा रुपये ही रक्कम असेल. आज त्या दंडात ओरिओचा एक छोटा पुडा येतो, आणि तोसुद्धा आधीच मोत्याच्या नावावर खर्च झाला होता. उलट, कुत्र्याच्या अंगावर 'आक्रमक' हा शेरा एकदा पडला म्हणजे तो पुसणे दुरापास्त. भटक्या कुत्र्यांस नसबंदी व लस देऊन मूळ जागी सोडावे अशी सर्वसाधारण मुभा ठेवताना सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात पिसाळलेली आणि आक्रमक कुत्री त्यातून वगळली, आणि त्याच आदेशात ज्यांना भटका कुत्रा दत्तक घ्यावयाचा असेल त्यांनी पालिकेकडे दरखास्त करावी, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, असेही सांगितले. म्हणजे मोत्यासारख्याला रस्ता बंद, आणि घराला चौकट शिल्लक पाहिजे.

अशा परिस्थितीत मी जाहिरात लिहिली. ताईंचा मूळ मसुदा 'अत्यंत प्रेमळ, शांत व माणसाळलेला' असा होता. पुण्यातल्या एकूण एक बेवारशी कुत्र्याचे वर्णन याच तीन विशेषणांत होत असते, आणि ते वाचून या शहरात रात्री भुंकते कोण, असा प्रश्न पडतो. माझा मजकूर येणेप्रमाणे होता: 'मोत्या. वय अदमासे चार वर्षे. रंग तांबूस. नसबंदी व लसीकरण झालेले. हेल्मेट खपत नाही. पंजाखालची वस्तू मागू नये. एकटा राहत नाही. लिफ्ट चढत नाही. बारा वर्षांखालील मुले असलेल्या घरांनी तसदी घेऊ नये. विश्वास बसल्यावर पायाशी झोपतो; विश्वास बसण्यास वेळ लागतो.' ताईंनी तो दोनदा वाचला आणि विचारले, "अहो, ही जाहिरात आहे का पकडवॉरंट?" परंतु त्यांच्याही मनात होते तेच. पुष्कळ लोक या व्यवहाराची तुलना सोयरिकीशी करतात; मला ती मान्य नाही, कारण सोयरिकीत दोन्ही पक्ष सारखेच खोटे बोलतात म्हणून एक प्रकारचा समतोल राहतो, इथे कुत्र्याच्या वतीने आपण खोटे बोलतो आणि शिक्षा तो भोगतो. म्हणूनच अर्जाच्या नमुन्यात मी एक शेवटचा रकाना वाढवला: 'आपल्या कोणत्या सवयींचा घरातील इतरांस त्रास होतो?' मोत्याचे दोष आम्ही उघड करणार, तर अर्जदाराचे झाकून का ठेवावे?

अर्ज आले. मला वाटले होते जाहिरात वाचून कोणी फिरकणार नाही. परंतु माणसे जाहिरात वाचत नाहीत, छायाचित्र पाहतात, आणि छायाचित्रात मोत्या फार देखणा येतो. पहिले आले ते मुळशीकडे फार्महाऊस असलेले एक गृहस्थ. "मोकळी हवा आहे, खाऊनपिऊन सुखात राहील," त्यांनी आश्वासन दिले. तिथे राहते कोण, असे विचारता ते म्हणाले, "शनिवार-रविवार आम्ही सगळेच असतो." आणि उरलेले पाच दिवस? "साखळी चांगली लांब आहे." ज्या कुत्र्याला अर्धा तास एकटे राहवत नाही त्याला पाच दिवसांचा एकांत आणि लांब साखळी देऊ करणाऱ्या या गृहस्थांनी शेवटच्या रकान्यात 'निर्व्यसनी' असे लिहिले होते.

त्यांच्या पाठोपाठ हिंजवडीहून एक तरुण जोडपे आले. दोघेही संगणकाच्या नोकरीत, दोघेही सुस्वभावी, आणि मोत्यावर त्यांचे इतके प्रेम की त्याच्यासाठी वाढदिवसाची टोपी आधीच विकत घेतलेली. घर चौदाव्या मजल्यावर होते. बाईंनी आत येताच गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पसरले. मोत्याने मान वळवली, ओठांवरून जीभ फिरवली, आणि एक मोठी जांभई दिली. श्वानांच्या शिष्टाचारात या तिन्ही क्रियांचा अर्थ 'कृपया थोडे अंतर राखावे' असा होतो. "अय्या, किती गोड कंटाळलाय!" असे म्हणून त्या आणखी पुढे सरकल्या, तेव्हा ताईंनी प्रसंगावधान राखून मध्ये चहाचा ट्रे घातला. त्या उभयतांना दुसरा कुत्रा मिळाला, टोपी घालून घेणारा, आणि ते सुखी आहेत. त्यांचा शेवटचा रकाना कोरा होता.

एका मातोश्रींनी तिसरीतल्या चिरंजिवांना परीक्षेत चांगले गुण मिळाल्याचे बक्षीस म्हणून मोत्या मागितला. त्यांनी बाराची अट वाचली होती, परंतु मुलगा वयाच्या मानाने समजूतदार असल्याने ती आपल्याला लागू नाही अशी त्यांची समजूत होती, आणि ती समजावून सांगत असता समजूतदार मुलगा ताईंच्या सोफ्याखाली मोत्याची चप्पल शोधत होता. दुसऱ्या एका सद्गृहस्थांना ज्योतिषाने शनिवारी काळ्या कुत्र्यास पोळी घालण्यास सांगितले होते. दर शनिवारी कुत्रा शोधत हिंडण्यापेक्षा घरचा असलेला बरा, असा त्यांचा हिशेब. मोत्या तांबूस आहे हे दाखवून दिल्यावर त्यांनी चष्मा काढून त्याच्या पाठीवर काही काळे केस आहेत का याची बारकाईने तपासणी केली. साडेसाती संपल्यावर कुत्र्याचे काय, या प्रश्नावर ते म्हणाले, "तोपर्यंत त्याचंही वय होईलच ना." साडेसात वर्षांत चार मिळवली असता हा हिशेब अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून तो अधिकच भयंकर वाटला.

पण ज्यांच्याशी माझी खडाजंगी झाली ते कुत्र्यास वठणीवर आणण्याचे शास्त्र जाणणारे होते. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, लांडग्यांच्या कळपात एक सरदार असतो, तेव्हा घरात सरदार कोण ते कुत्र्यास पहिल्या दिवशी दाखवून द्यावे. त्याच्या आधी आपण जेवावे, दारातून त्याच्या आधी आपण बाहेर पडावे, आणि गुरगुरला तर उताणा पाडून धरावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मताचा उगम रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे, पण तो अभ्यास कोंडून ठेवलेल्या, परस्परांशी नाते नसलेल्या लांडग्यांचा होता. हे मत ज्यांच्या १९७० च्या ग्रंथामुळे सर्वत्र पसरले त्या डेव्हिड मीच यांनीच पुढे रानातल्या लांडग्यांजवळ राहून पाहिले आणि १९९९ साली लिहिले की कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची लेकरे. सरदारकी वगैरे काही नाही, साधा संसार आहे. मी हे सर्व त्यांना सांगितले. सांगणाऱ्यानेच फर्मान मागे घेतले असताना त्याचा अंमल आपण कशाला चालू ठेवावा, असेही विचारले. ते म्हणाले, "माझ्या घरी असं चालत नाही." त्यांच्या रकान्यात 'शिस्तप्रिय' असे होते. त्या दिवशी मोत्या त्यांच्या बुटांच्या आवाजासरशी जो पलंगाखाली गेला तो ते जाईपर्यंत बाहेर आला नाही. मला वाटते, मुलाखतींच्या साऱ्या पद्धतींत ही सर्वांत कमी खर्चाची आहे.

आणि मग वाईहून टपालाने एक अर्ज आला. रेघांच्या कागदावर, समास सोडून, वर 'विषय' आणि 'संदर्भ' घालून लिहिलेला. अर्जदार तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले, एकटे राहणारे, तळमजल्याचे घर, मागे परसू, पुढे फाटक. बाकीचे रकाने त्यांनी एकेका शब्दात उरकले होते, परंतु शेवटच्या रकान्यात 'स्वतंत्र पुरवणी जोडली आहे' असे होते. पुरवणी पानभर होती. मला न विचारता कोणी माझ्या वस्तूंस हात लावलेला खपत नाही. वर्तमानपत्र प्रथम मीच वाचतो. पाहुणे आले असता मी आतल्या खोलीत जातो. ते अधिक काळ थांबल्यास त्यांना ते जाणवेल असे वागतो. जेवताना बोललेले आवडत नाही. वेळ चुकली की चिडचिड होते. फटाक्यांचा तिटकारा आहे. वरील कारणांस्तव बहीण व भाचा वर्षातून एकदाच येतात, हे पुरेसे आहे. ताईंनी पुरवणी वाचली, माझ्याकडे पाहिले, आणि दोघांच्याही मनात एकच विचार आला: हा तर मोत्याचाच अर्ज आहे.

आम्ही मोत्याला घेऊन वाईस गेलो. अर्जदार काकांनी आमचे स्वागत मान हालवून केले आणि मोत्याकडे तर पाहिलेच नाही. हात पुढे केला नाही, चुचकारले नाही, 'कसा आहे आमचा बाळ' म्हटले नाही. व्हरांड्यात खुर्चीवर बसून वर्तमानपत्र उघडले. नवख्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करावे, त्याला आपण होऊन येऊ द्यावे, हे कसलेले शिक्षक महिनोन्‌महिने शिकवतात. काकांना ते उपजत होते, कारण माणसांशीही ते तसेच वागत. मोत्याने परसू हुंगले, फाटक हुंगले, शेवटी काकांची खुर्ची हुंगली, आणि खाली पडलेल्या पुरवणीवर दोन्ही पंजे ठेवून तिथेच बसला. काका पहिले पान संपवून पुरवणीसाठी वाकले. मोत्या ताठ झाला. गुरगुर आली. ताईंचा श्वास थांबला. काकांनी हात मागे घेतला, उठून आत गेले, भाकरीचा साय लावलेला एक तुकडा घेऊन आले, आणि तो दोन हात अंतरावर ठेवून पुन्हा खुर्चीत बसले. मोत्याने विचार केला, उठला, तुकड्याकडे गेला. काकांनी पुरवणी उचलली आणि वाचायला घेतली. ताई थक्क होऊन म्हणाल्या, "काका, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"कचेरीत आयुष्य काढलं, ताई," काका पुरवणीतून डोके वर न काढता म्हणाले. "अडकलेला कागद सोडवायचा तर काहीतरी पुढे ठेवावं लागतं."

हे ज्ञान त्यांनी टेबलाच्या कोणत्या बाजूला बसून मिळवले, ते आम्ही विचारले नाही.

करार मुदतीचा झाला. न पटल्यास कोणताही खोटा शेरा न लिहिता मोत्या परत घेऊन यावा, असे कलम ताईंनी घातले, आणि काकांनी त्याखाली 'वाचून पाहिले' असे लिहून सही केली. दोष काही नाहीसे झाले नाहीत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण अशा लेखांतून कुत्री लेखाच्या अखेरीस सुधारलेली दिसतात आणि वाचक घरी आणून फसतात. मोत्या अजून एकटा राहत नाही. काका मंडईत त्याला बरोबर नेतात, आणि ज्या घरी नेता येत नाही तिथे स्वतःही जात नाहीत, ज्याचे त्यांना दुःख नाही. लिफ्टचा प्रश्न त्या घरात उद्भवत नाही. पावसाळ्यात काकांची छत्री फाटकाबाहेरच्या खुंटीवर असते. भाचा साताऱ्याहून हेल्मेट घालून मोटारसायकलवर आला तेव्हा रीतसर नोटीस बजावली गेली, आणि काकांनी भाच्यास सांगितले की यापुढे शिरस्त्राण फाटकाबाहेर उतरवून, मग थोडे थांबून, मग आत यावे. मामांच्या तोंडून एवढे लांब वाक्य आपण प्रथमच ऐकले, असे भाच्याने ताईंना कळवले. काका मोत्याला 'मोतीराव' म्हणतात आणि अहोजाहो करतात. या नावाला तो ओ देतो.

मुदत उलटून गेली आहे. परत करण्याचा शेरा आलेला नाही. मोत्याचे दप्तर ताईंनी बंद केले.

सध्या ताईंकडे एक काळी-पांढरी कुत्री आहे. ढगांचा गडगडाट झाला की ती न्हाणीघरात जाऊन बसते, मांजर दिसले की तिच्या अंगात येते, पट्टा ओढून माणसाला जमिनीवर आणते, आणि पहाटे पाचला सर्वांना उठवते. लिफ्ट तिला आवडते, मुलांचे तिला वावडे नाही. ज्या घरी पहाटे पाचला कोणीतरी उठतेच आणि मांजर नाही, अशांनी अर्ज करण्यास हरकत नाही. शेवटचा रकाना कोरा असलेले अर्ज वाचले जात नाहीत.